अणु, रेणु आणि दीर्घिका

१

हायड्रोजनाचा अणुभार किती, असा प्रश्न विचारला असता मराठी परिभाषेत शिकलेला विद्यार्थी 'सुमारे एक' असे उत्तर देईल, तर हिंदी परिभाषेत शिकलेला विद्यार्थी 'सुमारे दोन' असे देईल. दोन्ही उत्तरे बिनचूक आहेत. मराठीत 'अणु' म्हणजे मूलद्रव्याचा लहानात लहान कण; अशा दोन किंवा अधिक कणांचा संयोग झाला म्हणजे 'रेणु' होतो. हिंदीत पहिल्यास 'परमाणु' आणि दुसऱ्यास 'अणु' म्हणतात. एकाच संस्कृत शब्दाने दोन शेजारी भाषांत दोन निरनिराळे पदार्थ दर्शविले जावेत, ही गोष्ट वरवर पाहता किरकोळ वाटेल. तथापि ज्योतिर्विज्ञानात गेल्या काही दशकांत जो प्रश्न अग्रभागी आला आहे, त्याच्या संदर्भात ती किरकोळ राहत नाही. दीर्घिकांमधील हायड्रोजन अणुरूपाने किती आणि रेणुरूपाने किती, एका रूपातून दुसऱ्या रूपात तो केव्हा जातो, आणि संगणकावर रचलेल्या दीर्घिकांमध्ये हे रूपांतर कसे दाखवावयाचे, असा हा प्रश्न आहे. तारे जन्मतात ते मुख्यतः रेणुरूप हायड्रोजनाच्या मेघांत. म्हणून 'अणु' व 'रेणु' यांची गल्लत झाली, तर ताऱ्यांच्या जन्माची कथाच उलटी वाचली जाते.

नांदेड व लातूर या भागात या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. येथे मराठी व हिंदी या दोनच नव्हे, तर उर्दू ही तिसरी वैज्ञानिक परिभाषाही एका काळी शाळा-महाविद्यालयांत नांदली. या तीन परिभाषा कशा आल्या, आणि रेणुरूप हायड्रोजनाच्या आधुनिक संशोधनाशी त्यांचा कोणता संबंध पोहोचतो, हे क्रमाने पाहणे उद्बोधक ठरेल.

२

अणु आणि रेणु यांतील भेद युरोपातही सहजासहजी स्थिर झाला नाही, आणि त्या वादाच्या मध्यभागी हायड्रोजन वायूच होता. १८११ मध्ये आव्होगाद्रो या इटालियन शास्त्रज्ञाने असे प्रतिपादन केले की, हायड्रोजनासारख्या मूलद्रव्याचा वायूदेखील सुट्या कणांचा नसून जोडकणांचा बनलेला असतो. परंतु त्याच्यापाशी दोन गोष्टींसाठी दोन स्वतंत्र नावे नव्हती. दोहोंनाही तो 'मोलेक्यूल' असेच म्हणे, आणि भेद दाखवावयाचा तेव्हा 'मूलभूत' यासारखे विशेषण जोडी. डाल्टनला एकाच जातीचे दोन कण परस्परांना चिकटणे अशक्य वाटत होते. १८६० मध्ये कार्ल्सरूह येथे भरलेल्या रसायनज्ञांच्या परिषदेत कानिझारोने आव्होगाद्रोचा विचार पुन्हा मांडला, आणि त्यानंतरच तो सर्वमान्य होऊ लागला. मधली जवळजवळ पन्नास वर्षे रसायनशास्त्रातील अणुभारांचे आकडे एकमेकांशी जुळत नव्हते. त्याची कारणे अनेक असली, तरी दोन वस्तूंना एकच नाव असणे हे त्यांपैकी एक निश्चितपणे होते.

भारतीय भाषांपुढे हा भेद आला तेव्हा त्यांच्या हाताशी वैशेषिक दर्शनाचा शब्दसंग्रह तयार होता. त्या दर्शनात निरवयव कण तो परमाणु. दोन परमाणूंचे द्व्यणुक. तीन द्व्यणुकांचे त्र्यणुक अथवा त्रसरेणु. झरोक्यातून येणाऱ्या उन्हाच्या तिरिपेत तरंगताना दिसतो तो हा त्रसरेणु होय. हिंदीने या उतरंडीतील वरचा क्रम जवळजवळ तसाच ठेवला : परमाणु सर्वांत सूक्ष्म, अणु त्याहून मोठा. मराठीने मात्र 'परम' हे विशेषण सोडून दिले, 'अणु' हाच मूळ कण मानला आणि त्याहून मोठ्या कणासाठी 'रेणु' हा शब्द योजला. संस्कृतात रेणु म्हणजे धूळ, धुळीचा कण. मराठीची ही निवड तर्कदृष्ट्या हिंदीपेक्षा सरस आहे असे म्हणता येणार नाही. परंतु उच्चारात व लेखनात 'अणु' आणि 'रेणु' हे शब्द एकमेकांपासून स्पष्टपणे वेगळे पडतात, हा तिचा गुण नाकारता येत नाही. नागपूर येथे परिभाषेचे मोठे कार्य करणाऱ्या डॉ. रघुवीरांनी रेणूसाठी 'व्यूहाणु' आणि हायड्रोजनासाठी 'उद्जन' हे शब्द सुचविले होते. मराठीत ते रुजले नाहीत. हायड्रोजनासाठी जुन्या मराठी ग्रंथांत आढळणारा 'उज्ज' हा शब्दही मागे पडला, आणि 'हायड्रोजन' हेच नाव राहिले.

या सुमारास नांदेड आणि लातूर ही गावे हैदराबाद संस्थानात होती. तेथील इतिहास वेगळा आहे. १९१७ मध्ये हैदराबादेत उस्मानिया विद्यापीठाची घोषणा झाली आणि उच्च शिक्षणाचे माध्यम म्हणून उर्दूचा स्वीकार करण्यात आला. त्यासाठी त्याच वर्षी भाषांतर विभाग, म्हणजे 'दार-उल-तर्जुमा', स्थापन झाला. त्याचे पहिले प्रमुख मौलवी अब्दुल हक यांचे कार्यक्षेत्र दीर्घकाळ मराठवाड्यातील औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) हे होते. परिभाषा कशी घडवावी याचे विवेचन करणारा वहीदुद्दीन सलीम यांचा 'वज़ा-ए-इस्तिलाहात' हा ग्रंथ याच चळवळीतून निर्माण झाला. उर्दू विज्ञानग्रंथांत अणूला 'जौहर' आणि रेणूला 'सालिमा' म्हणतात. 'जौहर' म्हणजे सार, मूलद्रव्य, रत्न. मराठीतील 'जवाहीर' हा शब्द त्याच अरबी शब्दाच्या अनेकवचनातून आला आहे. इस्लामी तत्त्वज्ञानात अविभाज्य कणाला 'जौहर-ए-फर्द' म्हणत. 'सालिमा' हा शब्द 'अखंड, पूर्ण' या अर्थाच्या 'सालिम'पासून साधला आहे. म्हणजे उर्दूनेही संस्कृतोद्भव भाषांप्रमाणेच आपल्या जुन्या दर्शनपरंपरेतून अणूचे नाव घेतले, आणि रेणूसाठी मात्र नवा शब्द घडविला.

त्याच विद्यापीठाकडे ज्योतिर्विज्ञानाची एक महत्त्वाची संस्थाही होती. नवाब जफर जंग यांनी १९०१ मध्ये हैदराबादजवळ सुरू केलेली निजामिया वेधशाळा १९१९ मध्ये उस्मानिया विद्यापीठाकडे आली. संपूर्ण आकाशाची छायाचित्रे घेऊन ताऱ्यांची यादी करण्याचा जो आंतरराष्ट्रीय उपक्रम त्या काळी चालू होता, त्यातील आकाशाचा एक पट्टा या वेधशाळेने मोजला. मराठवाड्याच्या भाषिक इतिहासात उर्दूचा उल्लेख बहुधा राज्यकारभाराची भाषा म्हणूनच होतो. विज्ञानाची भाषा म्हणूनही ती तीस वर्षे वावरली, हे विसरून चालणार नाही.

सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान भारतात विलीन झाले. १९५० मध्ये नांदेड येथे पीपल्स कॉलेज आणि १९५८ मध्ये औरंगाबाद येथे मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. १९६१ मध्ये लातूर येथे दयानंद महाविद्यालय निघाले. मधल्या काळात, १९५६ मध्ये मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. शाळेत 'जौहर' आणि 'सालिमा' शिकलेल्या पिढीची मुले 'अणु' आणि 'रेणु' शिकू लागली. १९६० मध्ये महाराष्ट्राचे भाषा संचालनालय आणि १९६१ मध्ये केंद्राचा शब्दावली आयोग अस्तित्वात आला, आणि दोहोंच्या परिभाषा समांतर वाहू लागल्या. भारत सरकारच्या एकाच संस्थेला मराठीत 'अणुऊर्जा आयोग' आणि हिंदीत 'परमाणु ऊर्जा आयोग' म्हणावे लागते, ते यामुळेच. पुढे 'लातूर पॅटर्न' या नावाने प्रसिद्ध झालेल्या शिक्षणपद्धतीत वैद्यकीय व अभियांत्रिकी प्रवेशपरीक्षांची तयारी इंग्रजी पुस्तकांवरून होऊ लागली, तेव्हा 'ॲटम' व 'मॉलिक्यूल' या शब्दांची चौथी जोडीही आली. एका घरातील तीन पिढ्यांनी एकाच भेदाला तीन वेगळ्या जोड्यांनी ओळखावे, असे या भागात घडले आहे.

३

आता आकाशाकडे वळू. अणुरूप हायड्रोजन आकाशात कसा ओळखावा याची युक्ती हॉलंडमधील व्हान डे हुल्स्टने १९४४ मध्ये सुचविली. हायड्रोजनाच्या अणूतील इलेक्ट्रॉन आणि प्रोटॉन यांच्या परस्परसापेक्ष दिशा बदलल्या म्हणजे २१ सेंटिमीटर तरंगलांबीची रेडिओलहर बाहेर पडते. १९५१ मध्ये अमेरिकेत यूएन आणि पर्सेल यांनी ती प्रत्यक्ष टिपली. त्यानंतर आपल्या आकाशगंगेचा व इतर दीर्घिकांचा अणुरूप हायड्रोजन मोजता येऊ लागला.

रेणुरूप हायड्रोजनाची स्थिती याच्या अगदी उलट आहे. दोन सारख्या अणूंचा हा रेणु सममित असल्याने त्याला विद्युत द्विध्रुव नसतो, आणि म्हणून थंड स्थितीत तो जवळजवळ काहीच प्रारण बाहेर टाकत नाही. त्याची सर्वांत सुलभ अवरक्त रेषा २८ मायक्रोमीटर तरंगलांबीची आहे. परंतु ती उद्दीपित होण्यास काही शे अंश तापमान लागते. तारे जन्मणाऱ्या मेघांचे तापमान मात्र निरपेक्ष शून्यापेक्षा केवळ दहा ते वीस अंशांनी अधिक असते. अशा रीतीने विश्वात सर्वांत विपुल असलेला रेणु हाच सर्वांत दुर्दर्श ठरतो. आंतरतारकीय अवकाशात तो प्रथम सापडला तो १९७० मध्ये. कॅरुथर्स यांनी अग्निबाणावरील उपकरणाने एका ताऱ्याच्या जंबुपार प्रकाशात त्याच्या शोषणाच्या खुणा पाहिल्या. त्याच वर्षी विल्सन, जेफर्ट्स आणि पेंझियास यांनी कार्बन मोनॉक्साइड या रेणूची २.६ मिलिमीटरची रेषा मृग नक्षत्रातील तेजोमेघात टिपली. तेव्हापासून कार्बन मोनॉक्साइड मोजावयाचा आणि त्यावरून हायड्रोजनाच्या रेणूंचा अंदाज बांधावयाचा, अशी रीत पडली. या अंदाजात एक गुणक गृहीत धरावा लागतो, आणि तो सर्व दीर्घिकांत सारखा नसतो.

हा रेणु जन्मतो कसा, हे तितकेच महत्त्वाचे आहे. अवकाशाच्या पोकळीत हायड्रोजनाचे दोन अणु एकत्र आले, तरी जोडले जाताना मुक्त होणारी ऊर्जा टाकून देण्यास त्यांना जागा नसते. म्हणून ते पुन्हा विलग होतात. त्यांना तिसऱ्याची मदत लागते, आणि ती धूलिकण करतात. कणाच्या पृष्ठभागावर एक अणु चिकटतो, दुसरा येऊन त्याला भेटतो, ऊर्जा कणात शोषली जाते आणि रेणु सुटा होतो. गूल्ड व साल्पीटर यांनी १९६३ मध्ये आणि हॉलनबाख व साल्पीटर यांनी १९७१ मध्ये या प्रक्रियेचे गणित मांडले. तरुण ताऱ्यांचे जंबुपार किरण हा रेणु फोडतात. परंतु मेघाच्या बाहेरील थरातील रेणु व धूळ ते किरण शोषून आतील रेणूंचे रक्षण करतात. म्हणजे धूळ ही रेणूची जन्मभूमी आहे आणि त्याचे कवचही आहे. रेणूला 'धूळ' या अर्थाचा शब्द देणाऱ्यांना हे ठाऊक असणे शक्य नव्हते. हा योगायोगच होय, पण मराठी विद्यार्थ्याच्या स्मरणास साहाय्य करणारा योगायोग आहे.

या धुळीचा अभ्यास नांदेडातही झाला आहे. १९९४ मध्ये स्थापन झालेल्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र संकुलातील एम. के. पाटील यांनी एस. के. पांडे, डी. के. साहू आणि पुण्याच्या आयुका संस्थेतील अजित केंभावी यांच्यासह लंबवर्तुळाकार व तत्सम दीर्घिकांमधील धुळीच्या गुणधर्मांवरील शोधनिबंध २००७ मध्ये प्रसिद्ध केला. अशा दीर्घिका दीर्घकाळ वायूरहित व धूळरहित मानल्या जात. त्यांतील धुळीचे पट्टे निरनिराळ्या रंगांच्या प्रकाशाला किती अडवितात हे मोजून, त्या धुळीचे वर्तन आपल्या आकाशगंगेतील धुळीच्या वर्तनाशी समांतर आहे, असे या अभ्यासात दिसून आले. जेथे धूळ आहे तेथे रेणु जन्मण्याची निदान एक अट पुरी होते. म्हणून धुळीवरील असे काम रेणूच्या प्रश्नाला जाऊन भिडते.

४

दीर्घिकेचे आयुष्य अब्जावधी वर्षांचे असल्याने तिचा जन्म व विकास कोणालाही पाहता येत नाही. म्हणून संगणकावर तिचे सदृशीकरण करतात, म्हणजे गुरुत्वाकर्षण व वायूची गती यांची समीकरणे सोडवून अंकांची दीर्घिका रचतात. भारतात विश्वरचनेच्या अशा गणनांना पुण्याच्या आयुका संस्थेत टी. पद्मनाभन आणि जसजीत बागला यांनी १९९० नंतरच्या दशकात चालना दिली. त्यांत मुख्य भर गुरुत्वाकर्षणावर होता. पुढे पाश्चात्त्य देशांत वायू, तारे व कृष्णविवरे यांसह फार मोठ्या गणना झाल्या. 'ईगल' (२०१५) आणि 'इलस्ट्रिस-टीएनजी' (२०१८) या त्यांपैकी प्रमुख होत.

या गणनांत रेणुरूप हायड्रोजनाची अडचण अशी की, तो त्यांत प्रत्यक्ष जन्मतच नाही. इलस्ट्रिस-टीएनजीच्या एका प्रसिद्ध गणनेत वायूच्या लहानात लहान घटकाचे वस्तुमान सुमारे चौदा लाख सूर्यांइतके आहे. ईगलमध्ये ते सुमारे अठरा लाख सूर्यांइतके आहे. खऱ्या रेणुमेघाचे वस्तुमान बहुधा काही हजारांपासून काही लाख सूर्यांपर्यंत असते. म्हणजे तारे जन्मणारा संपूर्ण मेघ गणनेच्या एका घटकात बुडून जातो. त्या मेघाची दहा-वीस अंशांची थंडीही या गणना निर्माण करीत नाहीत. दाट वायूचे वर्तन एका सरासरी सूत्राने दर्शविले जाते. अशा दीर्घिकेत हायड्रोजन असतो, परंतु तो अणुरूप की रेणुरूप हे लिहिलेले नसते. ते मागाहून ठरवावे लागते.

हे ठरविण्याचे तीन मार्ग रूढ झाले. ब्लिट्झ आणि रोसोलोव्स्की यांनी २००६ मध्ये जवळच्या दीर्घिकांच्या वेधांवरून असे दाखविले की, रेणु व अणु यांचे प्रमाण वायूच्या दाबाबरोबर वाढते. हा अनुभवाधिष्ठित मार्ग झाला. क्रुमहोल्झ, मॅकी व टमलिन्सन यांनी २००९ च्या सुमारास धुळीवरील जन्म आणि जंबुपार किरणांनी होणारा नाश यांचा समतोल साधून सूत्र काढले. हा तात्त्विक मार्ग होय. ग्नेडिन व क्राव्त्सॉव्ह यांनी लहान क्षेत्राच्या, पण सूक्ष्म गणनांत रेणूंची रसायनक्रिया प्रत्यक्ष सोडवून तिच्यावरून २०११ मध्ये सूत्र बसविले, हा तिसरा. लागोस व सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये ईगलमधील आणि डीमर व सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये इलस्ट्रिस-टीएनजीमधील दीर्घिकांना अशी सूत्रे लावली. डीमर यांनी एकाच दीर्घिकांना पाच सूत्रे लावून पाहिली, हे विशेष. सूत्र बदलले की त्याच दीर्घिकेतील रेणुरूप हायड्रोजनाचा आकडा बदलतो. निसर्गात ज्याला जन्म म्हणावयाचे, ते सदृशीकरणात बव्हंशी वर्गीकरण असते.

वेधांशी तुलना केली असता आणखी एक तफावत दिसते. पॉपिंग व सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये चिलीतील 'अल्मा' या दुर्बीणसमूहाच्या वेधांशी इलस्ट्रिस-टीएनजीची तुलना केली. दूरच्या, म्हणजे प्राचीन काळातील दीर्घिकांत रूढ गुणक धरून काढलेला रेणुरूप हायड्रोजन सदृशीकरणापेक्षा दोन ते तीन पट अधिक भरला. येथे दोष सदृशीकरणाचा, की कार्बन मोनॉक्साइडवरून हायड्रोजन काढणाऱ्या गुणकाचा, हे एका तुलनेवरून सांगता येत नाही. एका बाजूला रेणु सूत्राने घातलेला आहे, दुसऱ्या बाजूला तो दुसऱ्याच रेणूवरून अनुमानलेला आहे. दोन अनुमाने परस्परांसमोर उभी आहेत, याचे भान ठेवूनच अशा निष्कर्षांचे वाचन केले पाहिजे.

५

महाराष्ट्राच्या भूमीवरून या प्रश्नाचा जो भाग पाहता येतो, तो अणूचा आहे. जुन्नर तालुक्यातील खोडद येथे गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली उभारलेल्या महाकाय रेडिओ दुर्बिणीत ४५ मीटर व्यासाच्या तीस थाळ्या आहेत. २०२० मध्ये आदित्य चौधुरी, निसीम काणेकर, जयराम चेंगलूर व सहकाऱ्यांनी तिच्या साहाय्याने सुमारे आठ अब्ज वर्षांपूर्वीच्या ७,६५३ दीर्घिकांचे क्षीण संकेत एकत्र मिळवून त्यांतील अणुरूप हायड्रोजनाचे सरासरी वस्तुमान काढले. ते त्या दीर्घिकांतील ताऱ्यांच्या वस्तुमानाच्या तोडीचे निघाले. परंतु त्या काळी तारे इतक्या वेगाने जन्मत होते की, बाहेरून भर पडली नसती तर हा साठा एक ते दोन अब्ज वर्षांत संपला असता. विश्वातील ताऱ्यांचा जन्मदर पुढे घटत का गेला, याचे एक संभाव्य कारण यावरून मिळते.

हा निष्कर्ष समजून घेताना साखळीचा क्रम ध्यानी धरावा लागतो. बाहेरचा वायू प्रथम अणुरूप होतो, अणूंचे रेणु होतात, रेणुमेघांतून तारे होतात. बिगील व सहकाऱ्यांनी २००८ मध्ये जवळच्या दीर्घिकांत दाखविले की, ताऱ्यांचा जन्मदर अणुरूप वायूच्या नव्हे, तर रेणुरूप वायूच्या प्रमाणाशी निगडित असतो. खोडदच्या दुर्बिणीने मोजलेला साठा म्हणजे कोठारातील धान्य. रेणुरूप हायड्रोजन म्हणजे जात्यात पडलेले धान्य. दोहोंना एकच नाव दिले, तर कोठार रिकामे आहे की जाते बंद आहे, हेच कळणार नाही.

नेमका हाच धोका आज मराठीपुढे आहे. 'आण्विक' हे विशेषण मराठीत अण्वस्त्रांच्या संदर्भात रूढ असून त्याचा संबंध अणूशी लावला जातो. हिंदीच्या शासकीय परिभाषेत तेच रूप रेणुविषयक अर्थाने येते. हिंदी मजकुरावरून केलेल्या मराठी भाषांतरात 'आण्विक हायड्रोजन' हा शब्दप्रयोग तसाच उचलला, तर वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष राहते आणि अर्थ मात्र नेमका उलटा होतो. अशी चूक वाचकाच्या ध्यानात येण्याचा संभवही थोडा, कारण प्रत्येक शब्द त्याच्या ओळखीचा असतो. यावर उपाय नवा शब्द घडविण्याचा नाही. 'अणुरूप हायड्रोजन' आणि 'रेणुरूप हायड्रोजन' ही जोडी मराठीच्या आजच्या परिभाषेतच सिद्ध आहे. ज्योतिर्विज्ञानाच्या लेखनात 'आण्विक' हे विशेषण टाळावे आणि ही जोडी कटाक्षाने वापरावी, एवढे पुरेसे आहे. हिंदीतून भाषांतर करणाराने 'अणु' दिसताच थांबून मूळ अर्थ पाहावा.

नांदेड व लातूर येथील वाचकाला हा काटेकोरपणा नवा वाटू नये. नांदेडपासून जवळच, हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथ येथे गुरुत्वीय लहरींच्या 'लायगो-इंडिया' वेधशाळेला केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये मंजुरी दिली आहे. ज्योतिर्विज्ञानाविषयी मराठीत लिहिण्या-बोलण्याचे प्रसंग या भागात यापुढे वाढतच जाणार. 'जौहर' आणि 'सालिमा' हे शब्द येथील वर्गांतून गेले, तरी त्यांनी दर्शविलेला भेद पुढच्या पिढीने नव्या शब्दांत जसाच्या तसा उचलला. माध्यम बदलले, राज्य बदलले, पण दोन वस्तूंना दोन नावे हा नियम ढळला नाही. आव्होगाद्रोच्या काळातील रसायनज्ञांना त्या नियमाच्या अभावी पन्नास वर्षे चाचपडावे लागले होते.